शून्य आणि सदतीस

मेंदूच्या डॉक्टरांनी टेबलावर जे कोष्टक ठेवलं ते तिचंच होतं. रेघा तिने आखलेल्या, आकडे तिने भरलेले, तळाची बारीक अक्षरातली टीपसुद्धा तिचीच. डॉक्टरांना हे ठाऊक होतं, म्हणून कागद तिच्यासमोर न ठेवता ते तो जरा तिरका, तिच्या सासूबाईंच्या बाजूला सरकवत होते. ताकाला जाऊन भांडं लपवायचा प्रकार. ती याच रुग्णालयात, दोन जिने खाली, संख्याशास्त्राच्या खोलीत नोकरीला होती आणि डॉक्टरमंडळी पाठीमागे तिला कोष्टकबाई म्हणायची. तिच्या नवऱ्याला हे नाव इतकं आवडलं होतं की त्याने घरीही तेच चालू केलं होतं.

तो नवरा आता भिंतीपलीकडे अतिदक्षता विभागात होता. कामावर निघताना बुटाची नाडी बांधायला म्हणून वाकला, तो वर उठलाच नाही. शेजाऱ्याने छाती दाबली, गाडी आली, हृदय पुन्हा चालू झालं. शुद्ध मात्र परत आली नाही. आज तिसरा दिवस होता आणि श्वास त्याच्या वतीने यंत्र घेत होतं.

"हृदय परत सुरू झालं पण शुद्ध आली नाही, अशा पेशंटची ही मोजणी आहे," डॉक्टर म्हणाले. "तिसऱ्या दिवशी आम्ही डोळ्यावर उजेड टाकतो. बाहुली आकसली तर वरची ओळ. नाही आकसली तर खालची. आणि हे दोन रकाने. शुद्धीवर आले, शुद्धीवर आले नाहीत."

"दादा कुठल्या ओळीत?" दिराने विचारलं.

"खालच्या."

खालच्या ओळीत दोनच आकडे होते. शुद्धीवर आले, शून्य. आले नाहीत, सदतीस.

दीर शाळेत इतिहास शिकवायचा आणि एरवी कुठल्याही प्रश्नाचं उत्तर तो आदिमानवापासून द्यायचा. आता तो नुसता शून्याकडे बघत राहिला. सासूबाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला आणि परत घातला. जन्मभर शिवणकाम केलेली बाई. मापाचा आकडा कुणी घेतलाय हे कळल्याशिवाय त्यांनी कधी कापडाला कात्री लावली नव्हती.

"हे तू केलंयस ना गं?"

"हो, आई."

"बरोबर आहे?"

खरं तर अशा वेळी माणसाच्या पोटात खड्डा पडायला हवा. तिच्या पडला नाही. तिला काहीच वाटत नव्हतं. दिसत होतं फक्त. टेबलाच्या कडेचा सनमायका उचकटलाय, डॉक्टरांच्या पेनाला टोपण नाही, खिडकीत कुणीतरी रिकामी कुंडी ठेवलीय. काही वाटत नाही याचं तरी वाईट वाटावं, तर तेही धड वाटत नव्हतं. दात काढण्याआधी सुई टोचली की आपला गाल आपल्याला दुसऱ्याचा लागतो, तसं तिला गेले तीन दिवस सगळंच लागत होतं.

"बरोबर आहे," ती म्हणाली.

"म्हणजे शून्य."

"अगदी शून्य नाही. शंभरात एकापेक्षा कमी."

"मग तेच झालं की," सासूबाई म्हणाल्या. आणि उद्या सकाळी श्वासाची नळी काढायची असं ठरलं.

आता हे शंभरात एकापेक्षा कमी आलं कुठून, ते सांगायला हवं, कारण पुढचा सगळा घोळ त्यातच आहे. तिच्या खोलीत शून्याला कुणी शून्य मानत नसे. सदतीस जणांत एकही शुद्धीवर आला नाही म्हणून अडतिसावा येणारच नाही, असं म्हणणं हा उतावळेपणा, अशी तिथली शिकवण. म्हणून मोजणी उघडण्याआधी जाणकाराला विचारायचं की बाबा, तुला काय वाटतं? त्याचं ते वाटणं मोजता येईल असं करून घ्यायचं आणि मग खऱ्या मोजणीत मिसळायचं. आधीचा अंदाज, त्यात मोजणी, की झाला नंतरचा अंदाज. माणूस शहाणा होतो तो असाच, फक्त तो त्याचा हिशेब मांडत बसत नाही.

वाटणं मोजायची तिची रीत अगदी बाळबोध होती. पुठ्ठ्यावर दोन घरं आखायची, जाणकाराच्या हातात वीस बटणं द्यायची आणि म्हणायचं, असे वीस पेशंट आले तर कुठल्या घरात किती जातील ते मांडा. बटणं सासूबाईंच्या डब्यातली, पांढरी, शर्टाची. मोठमोठे डॉक्टर आधी कुरकुरायचे, आम्ही काय पोरं आहोत का म्हणायचे, आणि मग जीभ दातांत धरून मन लावून बटणं मांडायचे. मेंदूच्या डॉक्टरांनी एकोणीस बटणं 'आले नाहीत'च्या घरात ठेवली. विसावं बराच वेळ चिमटीत धरून शेवटी मधल्या रेघेवर ठेवलं. तिने ते अर्धं इकडे आणि अर्धं तिकडे धरलं. म्हणजे 'आले'च्या बाजूला अर्धं बटण आणि एकूण माणसं सत्तावन्न, त्यातली वीस डॉक्टरांच्या मनातली आणि सदतीस खरी. शंभरात एकापेक्षा कमी ते असं.

जेवताना तिने हे नवऱ्याला समजावून सांगितलं होतं. तो लिफ्ट दुरुस्त करायचा, आणि ऐकताना त्याने घास हातातच धरून ठेवला होता. "अर्धं बटण?" तो म्हणाला होता. "आईला सांगू नकोस हं. तिचा डबा एका बटणाने कमी झाला तरी तिला कळतं. अर्धं म्हटलंस तर घराबाहेर काढेल तुला."

दुपारी ती त्याच्या उशाशी बसली. त्याचा हात गरम होता. यंत्र छाती वर करायचं, खाली सोडायचं, आणि दर खेपेला त्याच्या ओठाच्या कोपऱ्यावरची चिकटपट्टी किंचित हलायची. तिच्या मनात आलं, उद्या सदतिसाचे अडतीस होतील. हे मनात यायला काही दुष्टावा लागत नाही. वर्षानुवर्षं आकडे भरणाऱ्या बाईचं डोकं रिकामं ठेवलं तर ते आकडेच भरतं. उद्या सकाळी नळी निघेल, थोड्या वेळात तो जाईल, आणि कुणीतरी उजव्या घरात एकाची भर घालेल. शुद्धीवर आला नाही.

पण तो येणार कधी होता? जायचं आधी ठरलं. मग गेला. मग लिहिलं, की आला नाही.

ती खुर्चीत ताठ झाली आणि तिने मोठ्या सिस्टरना हाक मारली.

"सिस्टर, ज्यांची बाहुली हलत नाही, त्यांची नळी किती दिवस ठेवता हो?"

"तिसऱ्या दिवशी तपासणी होते. मग घरच्यांनी हो म्हटलं की काढतो."

"आणि नाही म्हटलं तर?"

"नाही कोण म्हणतंय, मॅडम? डॉक्टर नीट समजावतात ना. आता तर तुमचं कोष्टकच दाखवतात."

"आणि कोष्टक नव्हतं तेव्हा?"

"तेव्हाही असंच. नळी काढायची, पडदा ओढायचा, घरच्यांना खुर्च्या द्यायच्या. कधी तासभर लागतो, कधी संध्याकाळ होते."

"त्याहून जास्त ठेवलं, असा एकही पेशंट नाही?"

सिस्टर सलाईनचा वेग कमी करता करता थांबल्या. "मी इथे आल्यापासून तरी नाही. का हो?"

तिने काहीच नाही म्हणून मान हलवली. सदतीस माणसं, आणि त्यातल्या एकाचीही कुणी वाट पाहिली नव्हती. डावीकडच्या घरात शून्य होतं, कारण त्या घराला बाहेरून कडी होती. तिथे कुणाला जाताच येत नव्हतं. आणि डॉक्टरांची बटणं? डॉक्टरांचा अनुभव म्हणजे तरी कोण, तर हीच माणसं आणि यांच्या आधीची अशीच. तिने एकाच विहिरीचं पाणी दोन घागरींत भरून घेतलं होतं आणि दोन विहिरी म्हणून मोजलं होतं. ही चूक न शिकलेल्या माणसाच्या हातून होऊच शकत नाही, त्यासाठी इतकी अक्कल लागते. तिच्याकडे प्रत्येक पेशंटमागे दोन उत्तरं यायची, बाहुली हलली का आणि शुद्ध आली का. मधल्या वेळात त्या माणसाचं काय केलं, हे तिने विचारलं नव्हतं. हा वॉर्ड तिच्या खुर्चीपासून दोन जिने वर होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. तिने वळसाही घातला नव्हता.

आता तरी आत काहीतरी हलेल म्हणून ती थांबली. तोंड कोरडं पडलं होतं, एवढंच. ती पाणी प्यायली आणि डॉक्टरांच्या खोलीकडे गेली.

डॉक्टर सफरचंद कापत होते. "कोष्टक चुकलंय," ती दारातूनच म्हणाली.

"कुठला आकडा?"

"आकडे सगळे बरोबर आहेत. कोष्टक चुकलंय." तिने सांगितलं. शिकाऊ मुलांना सांगावं तसं, पायरीपायरीने, एकही शब्द न अडखळता. तिचं तिलाच ते ऐकू येत होतं आणि बोलणारी बाई हुशार आहे असं वाटत होतं.

डॉक्टर वाईट माणूस नव्हते, हे इथेच सांगून टाकतो, नाहीतर राग काढायला आयतं गिऱ्हाईक मिळतं. नळी काढल्यावर ते कधी खोली सोडून जात नसत. शेवटपर्यंत पलंगाच्या पायथ्याशी हात बांधून उभे राहायचे.

"हे तुम्ही कोण म्हणून बोलताय?" त्यांनी विचारलं. "बायको म्हणून, की..."

"मला नाही कळत. पण पलंगावर परका माणूस असता तरी हेच बोलले असते."

"वीस वर्षं मी हे पेशंट बघतोय. ते उठत नाहीत हो."

"तुम्ही बघितलं नाहीत, डॉक्टर. बघायच्या आधी काढलंत. आणि मी ते मोजलं. दोनदा मोजलं."

सुरी खाली ठेवताना ताटलीचा आवाज झाला. "म्हणजे त्यातले काही उठले असते?"

"माहीत नाही."

"अंदाजे?"

"अंदाजेसुद्धा माहीत नाही. कदाचित एकही नसता उठला. तुम्ही बरोबर असाल. पण ते आता कळायचं नाही."

सफरचंदाच्या फोडी तांबूस पडायला लागल्या. सदतीस जणांचे नातेवाईक डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर येत असावेत, कारण ते दाराकडे बघत होते आणि दारात तर तिच्याशिवाय कुणी नव्हतं.

"उद्याचं काय करू?" शेवटी त्यांनी विचारलं.

"घरी विचारते," ती म्हणाली.

घरची माणसं खाली कॅन्टीनमध्ये चहाचे कप पुढ्यात घेऊन बसली होती. तिने सांगितलं आणि दिराचा भडका उडाला. "सकाळी बरोबर, दुपारी चूक! वहिनी, दादा म्हणजे काय फळ्यावरचं गणित आहे? पुसलं की पुन्हा मांडलं? मोठ्या मुश्किलीने मन घट्ट केलं होतं आम्ही!" शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली. मग तो तसाच, ओरडता ओरडता, रडायला लागला. त्याच्या नाकाचं पाणी चहात पडेल असं वाटून तिने कप बाजूला केला. तिला त्याचा हेवा वाटला. त्या तीन दिवसांत तिला जे काही वाटलं ते हे पहिलं.

सासूबाईंनी त्याला रडू दिलं. "आता शंभरात किती?" त्यांनी विचारलं.

"सांगता येत नाही, आई."

"सकाळी तर सांगितलंस."

"सकाळी मला माहीत आहे असं वाटत होतं."

"मग ठेवायचं कशाला त्याला? नुसतं बघायला?"

"हो. बघायला."

"तुझ्या कोष्टकासाठी?"

असा प्रश्न सासूच विचारू शकते. दुसरी एखादी सून उठून गेली असती. हिने आपल्या आत डोकावून पाहिलं, उत्तर शोधलं, पण तिथे कुणी घरी नव्हतं.

"कळत नाही. थोडं तेही असेल."

सासूबाईंनी तिच्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "नाही म्हणाली असतीस ना, तर उद्याच काढायला लावली असती मी नळी," त्या म्हणाल्या. "खोटं बोलणाऱ्याच्या भरवशावर नसतं ठेवलं त्याला. राहू दे. त्या सदतिसांच्या आयांना वाट बघाल का असं कुणी विचारलं नाही. मला विचारलंय, तर मी वाट बघते म्हणून सांग."

आणि वाट बघणं सुरू झालं. रोज सकाळी डॉक्टर डोळ्यावर उजेड टाकायचे आणि नाही म्हणून मान हलवायचे. सासूबाई पिशवीतून शिवण घेऊन यायच्या. सिस्टरच्या कोटाची उसवलेली बाही त्यांनी न विचारता शिवून दिली आणि वर शिलाई कुठल्या गाढवाने घातली होती तेही विचारलं. दीर पोरांच्या उत्तरपत्रिका आणायचा आणि त्यातल्या थोर चुका भावाला मोठ्याने वाचून दाखवायचा. "ऐक दादा, हा म्हणतो, राजा युद्धात मेला आणि नंतर त्याने तह केला." यंत्र छाती वर करायचं, खाली सोडायचं. ती पलीकडच्या खुर्चीत बसून असायची. ती त्याच्याशी बोलत नसे. त्याचे पाय चेपायची, नखं कापायची, आणि पुन्हा बसायची. आशा वाटते का, असं सिस्टरनी एकदा विचारलं, तर तिने जरा विचार करून सांगितलं की माहीत नाही, आणि ते खरं होतं.

एका सकाळी यंत्र चालू असतानाच त्याचं हृदय थांबलं. कुणी काही काढलं नव्हतं. डॉक्टर पलंगाच्या पायथ्याशी हात बांधून उभे राहिले. सासूबाईंनी त्याच्या कपाळावर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला. ती कप विसळायला नळाशी गेली होती. परत आली तोवर झालं होतं. तिने सह्या केल्या, त्याचा चष्मा पिशवीत टाकला, लोकांना फोन केले. प्रत्येकाला "तो गेला" असं म्हणाली, बस किती वाजता आहे ते सांगावं तशा आवाजात. घरी माणसं आली, तिच्या गळ्यात पडून रडली, आणि तिने त्यांच्या पाठीवर थोपटलं. एक लांबची काकू तर जाताना दिराच्या कानात म्हणाली, "धीराची आहे हो." धीर कसला, कप्पाळ. पण सांगणार कोण?

ती कामावर परत गेली त्याच आठवड्यात डॉक्टर जिने उतरून तिच्या खोलीत आले. असं ते यापूर्वी कधी आले नव्हते, कागद शिपायाबरोबर यायचे. त्यांनी नवीन मोजणी टेबलावर ठेवली, यावेळी सरळ, तिच्या समोर.

"तुमच्या मिस्टरांना लिपिकाने वगळलंय," ते म्हणाले. "नियमाप्रमाणे. ज्यांचे उपचार ठरल्या रीतीने झाले नाहीत त्यांना मोजणीत धरत नाहीत. यांची नळी ठरल्या दिवशी निघाली नाही."

नियम तिनेच लिहिलेला होता. ती कागद बघत राहिली. खालची ओळ जशीच्या तशी होती, शून्य आणि सदतीस.

"उलट करा," ती म्हणाली. "ते सदतीस वगळा. हा ठेवा."

"एका माणसाचं कोष्टक?"

"आहेच एक, तर काय करणार?"

डॉक्टरांनी मान डोलावली, पण ते गेले नाहीत. दाराची मूठ धरून उभे राहिले. "वर एक मुलगी बसलीय," ते म्हणाले. "आई आहे तिची. आज तिसरा दिवस. बाहुली हलली नाही. इतके दिवस मी कागद पुढे करायचो. आता काय सांगू तिला?"

"आहे ते सांगा."

"पण काय?"

"सांगा की, आम्हाला माहीत नाही. आजवर आम्ही एकाच माणसाची वाट पाहिली." तिने कागद सरळ केला. "तो आला नाही."

तिचा हात कागदावरच थांबला. तो गेला, हे तिने किती जणांना सांगितलं होतं, आणि त्या शब्दाने तिच्या अंगावर ओरखडासुद्धा उठला नव्हता. तो आला नाही, हे तिने अजून कुणाला सांगितलं नव्हतं. स्वतःलाही नाही. ती रोज त्या खुर्चीत बसून त्याची वाट पाहत होती. कोष्टकासाठी नव्हे, कुणासाठी नव्हे, तो घरी यावा म्हणून पाहत होती, आणि हे तिला आत्ता कळत होतं.

मग ती रडली. तोंडावर हात घेतला तरी आवाज बाहेर गेला, व्हरांड्यातला शिपाई थबकला. डॉक्टरांनी आत येऊन दार लावून घेतलं, आणि वर ती मुलगी ताटकळत होती तरी, तिचं रडणं होईपर्यंत ते हात बांधून तिथेच उभे राहिले.